काळा किती काळा?

टीव्हीच्या दुकानात हल्ली सगळ्यात महाग काय असेल, तर काळा रंग. लाल, हिरवा, निळा हे बापडे बत्तीस इंचीवरही येतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. काळा मात्र जसे पैसे टाकाल तसा. चाळीस हजारांत मिळतो तो खरं म्हणजे करडा. साठ-सत्तर हजारांत तो जरा सावळा होतो. लाखाची वेस ओलांडली की सेल्समनचा आवाज आपोआप खाली येतो आणि तो म्हणतो, "सर, हा ट्रू ब्लॅक." मग आपण त्या चालू टीव्हीकडे, बंद टीव्हीकडे बघावं तसे बघत राहतो. पिढ्यान्‌पिढ्या हळद-बेसन थापून गोरेपणाच्या मागे लागलेल्या आपल्या समाजात काळ्या रंगाला मान मिळायचा तो वर्षातून एकदा, संक्रांतीला. आता त्याचा ईएमआय पडतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा पडद्यावर मुळात काळा आणि पांढरा एवढेच दोन उमेदवार होते आणि त्यातला काळा पुरेसा काळा आहे का, असं विचारणारा माणूस जन्माला यायचा होता. घ्यायचा निर्णय एकच: शटरवाला टीव्ही की बिनशटरचा. शटरला कुलूप असे, आणि वार्षिक परीक्षा जवळ आली की किल्ली आईच्या ताब्यात जाई. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंग आले. ज्यांच्याकडे आले नाहीत त्यांनी पडद्यापुढे तीन रंगांचं प्लॅस्टिक लावून घेतलं, त्यामुळे वृत्तनिवेदिकेचं कपाळ निळं, नाक तांबूस आणि हनुवटी हिरवी दिसे. लोक तृप्त होते. आतली काचेची नळी सगळ्या कंपन्यांची एकाच जातीची. भांडण करायचंच तर अँटेनावरून करावं लागे.

आता भांडायला विषय कमी नाहीत. त्यात २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेला, बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. तोवर सरकारच्या लेखी बत्तिसाव्या इंचापर्यंत गरज होती आणि तेहतिसाव्या इंचापासून चैन सुरू होत होती. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमत आठ टक्केसुद्धा पुरती उतरत नाही, हा हिशोब करायला कोणी थांबलं नाही. वाचलेल्या पैशांत आणखी किती इंच येतात, एवढंच लोकांनी विचारलं. इंच तिरके मोजतात, हेही त्या गर्दीत सांगून उपयोग नव्हता. पंचावन्न इंची म्हणजे आडवा अठ्ठेचाळीस. आमच्या शोकेसमध्ये सुताराने एकवीस इंचीच्या मापाने केलेला खण अजून आहे. त्यात सध्या फुलदाणी, ट्रॉफी आणि जुन्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट यांचं एकत्र कुटुंब नांदतं.

दसऱ्याला नवा टीव्ही घ्यायचा असं घरात ठरलं आणि भाचा आला. प्रत्येक घराला एक असा भाचा असतो. त्याला स्वतःला काही विकत घ्यायचं नसतं, त्यामुळे त्याचा अभ्यास निर्मळ असतो.

"मामा, एलईडी अजिबात घेऊ नकोस. एलईडी म्हणजे एलसीडीच."

"अरे, मग दुकानात दोन वेगळी नावं का?"

"मागचा दिवा बदलला म्हणून. आधी बारीक ट्यूबलाइट होत्या, आता एलईडी. पुढचं सगळं तेच."

बाबा म्हणाले, "म्हणजे घराला नवा बल्ब लावला आणि घराचं नाव बदललं." बाबांना तंत्रज्ञान फार लवकर कळतं, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी ते समजावायला बसत नाही.

भाच्याने मग सगळं उकललं. एलसीडी म्हणजे मांडवामागे रात्रभर पेटता ठेवलेला हॅलोजन आणि त्याच्यापुढे ओढलेले पडदे. पडदा कितीही घट्ट ओढा, फटीतून उजेड येणारच. म्हणून काळा करडा दिसतो. ओएलईडी म्हणजे दिवाळीच्या पणत्या. नको ती विझवली की तिथे खरा अंधार. फोर-के टीव्हीवर असे जवळजवळ त्र्याऐंशी लाख ठिपके, आणि प्रत्येकाचा उजेड ज्याचा त्याचा. मधला मार्ग मिनी एलईडीचा: मागे एकाऐवजी बारीक दिव्यांचे शेकडो गट, चित्रात जिथे अंधार असेल तिथला गट मंद करायचा. पण गट शेकड्यात आणि ठिपके लाखांत, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात चंद्र आला की त्याच्याभोवती नको इतकं खळं पडतं. "आणि क्यूएलईडी?" असं मी विचारलं, तेव्हा भाच्याने सुस्कारा सोडला. नावात क्वांटम आहे म्हणून फसू नकोस, तोही एलसीडीच. मागे निळा दिवा, मध्ये काही नॅनोमीटरचे कण. त्यांच्यावर निळा उजेड पडला की मोठ्या कणांतून लाल आणि लहानांतून हिरवा निघतो. पदार्थ तोच, फक्त दाण्याचा आकार बदलला की रंग बदलतो. हे शोधून काढणाऱ्या बवेंडी, ब्रूस आणि एकिमोव यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुकानात त्याचा उच्चार "क्वांटम सर, एकदम क्वांटम" एवढाच होतो.

आईने फक्त एक प्रश्न विचारला. "हे द्रवस्फटिक की काय म्हणतोस, ते येतं कुठून?"

भाच्याला हेही ठाऊक होतं. प्रागमध्ये फ्रीडरिख राइनिट्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८८८ साली त्यांनी गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवलं, तर ते दोनदा वितळलं. १४५ अंशांच्या पुढे गढूळ रस, १७८ च्या पुढे स्वच्छ. मधला तो गढूळ रस वाहत होता पाण्यासारखा, पण वागत होता स्फटिकासारखा. मग कित्येक दशकं त्याचं करायचं काय, हे कोणाला उमगलं नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीएच्या जॉर्ज हाइलमायर यांनी त्याचा पडदा करून दाखवला, आरसीएला त्यात राम वाटला नाही, आणि १९७३ मध्ये जपानच्या शार्पने तो खिशातल्या कॅल्क्युलेटरला लावला.

"गाजरापासून," आई म्हणाली, "आणि किंमत बघा." तिच्या मते गाजराचा हलवा एवढाच सर्वमान्य उपयोग आहे आणि त्याला रिमोट लागत नाही.

प्लाझ्माचा विषय भाच्याने काढला नाही, कारण तो त्याच्या जन्माच्या आसपासचा आणि त्याच्या कळत्या वयात संपलेला. बिचारा प्लाझ्मा. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात विद्यार्थ्यांना संगणकावर शिकवण्यासाठी तो जन्मला आणि २०१४ च्या सुमाराला कंपन्यांनी एकामागून एक गाशा गुंडाळला. दर्दी लोक अजून त्याच्या काळ्या रंगाची आठवण काढतात. आमच्या एका नातेवाइकांकडे बेचाळीस इंची होता. भिंतीवर चढवायला चार माणसं लागली होती, वीज भरपूर खायचा, आणि पावसाळ्यात त्यांच्या घरी मोजे कधी ओले राहिले नाहीत.

ओएलईडीची गोष्ट त्याहून चटका लावणारी. हा शोध लावला कोडॅकच्या प्रयोगशाळेत, चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी, १९८७ मध्ये. त्याच कोडॅकमध्ये १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार झाला होता. दोन्ही शोध घरात, आणि कंपनी फिल्मचे रोळ विकत बसली. ओएलईडीचे हक्क २००९ मध्ये एलजीच्या गोटाला विकले आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दरम्यान सोनीने २००७ मध्ये पहिला ओएलईडी टीव्ही बाजारात आणला होता: अकरा इंची, तीन मिलिमीटर जाडीचा, दोन लाख येनचा. आमच्या फुलदाणीच्या खणात तो आरामात मावला असता.

एवढी शिदोरी घेऊन आम्ही शोरूममध्ये गेलो. सगळ्या भिंतीवर टीव्ही आणि सगळ्या टीव्हींवर एकच चाललेलं: काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर मध ओततायत, पोपट पंख झाडतोय, ज्वालामुखीतून लाव्हा येतोय, कुठल्याशा बाईच्या पापणीवर पाण्याचा थेंब. माणसं टीव्हीवर या गोष्टी बघतात असा टीव्ही कंपन्यांचा ठाम समज दिसतो. सगळे टीव्ही "व्हिव्हिड" नावाच्या मोडवर, म्हणजे उजेड आणि रंग दोन्ही डोळ्यांना लागेल इतके वर. या मोडवर टोमॅटो संशयास्पद दिसतो आणि क्रिकेटचं मैदान प्लॅस्टिकचं.

बाबांनी तो मध दोनदा ओतून होईपर्यंत धीर धरला. मग म्हणाले, "जरा सह्याद्री लावा."

सेल्समन दचकला. असली मागणी त्याच्याकडे कोणी केली नसावी. लग्नाच्या मेन्यूत कोणी पथ्याचं मागितलं की केटररचा चेहरा होतो तसा चेहरा करून तो म्हणाला, "सर, इथे केबल नाही, पण कंटेंट सेम दिसतो."

सेम दिसत नाही. ही बाब कुठल्याच माहितीपत्रकात नसते, म्हणून इथे सांगतो. एचडी नसलेल्या साध्या वाहिनीचं चित्र फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाख चौदा हजार सातशे वीस ठिपक्यांचं. फोर-के पडदा ३८४० गुणिले २१६०. भागाकार करा, बरोबर वीस येतात, बाकी शून्य. म्हणजे वाहिनी एक ठिपका पाठवते आणि तुमचा टीव्ही त्याच्या पदरी उरलेले एकोणीस स्वतःच्या बुद्धीने घालतो. याला अपस्केलिंग म्हणतात, आणि ते चांगलं करणारे टीव्ही महाग असतात. एका ठिपक्याएवढ्या माहितीवर एकोणीस ठिपके रचण्याची ही कला बातम्यांच्या वाहिन्यांनी कोणत्याही चिपशिवाय आधीच साध्य केलेली आहे, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी मिळून चारशेपट काम होतं.

बातम्यांवरून ओएलईडीचा पत्ता कटायला सुरुवात झाली. त्याचे ठिपके सेंद्रिय पदार्थाचे. जेवढे जळतील तेवढे झिजतात. चित्र हलतं राहिलं तर सगळे सारखे झिजतात, कळतही नाही. पण एकाच जागी एकच उजळ गोष्ट तासन्‌तास राहिली, तर तिथले आधी थकतात आणि तिची सावली कायमची उमटू शकते. कंपन्यांनी उपाय केलेत. चित्र हळूच दोन-चार ठिपके सरकवायचं, कोपऱ्यातला लोगो मंद करायचा, टीव्ही बंद असताना आतल्या आत डागडुजी करायची. साधारण माणसाला त्रास होत नाही, असं भाचा सांगतो. पण भाचा ज्याला साधारण म्हणतो त्या माणसाने मराठी वृत्तवाहिनी सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत लावलेली नसते. आमच्याकडे असते. वर लोगो, खाली लाल पट्टी, पट्टीखाली पिवळी पट्टी, उजवीकडे तापमान, डावीकडे "सर्वात मोठी बातमी". या चौकटीतून उरेल तेवढ्या फटीत निवेदक. हे बाबांचं रोजचं सोळा तासांचं दर्शन. निवडणुकीचा निकाल असेल त्या दिवशी चहासुद्धा तिथेच. दोन वर्षांनी आषाढीला पंढरपूरची महापूजा लावली आणि विठ्ठलाच्या पायाशी अंधुकसं "ब्रेकिंग" दिसलं, तर त्याला ट्रू ब्लॅक काय करणार?

पण मुळात आपल्या घरात काळा रंग कुठून येणार, हाच प्रश्न आहे. या सगळ्या तंत्रज्ञानाची परीक्षा अंधाऱ्या खोलीत घेतलेली असते. अंधारी खोली ही मराठी घरात आजाऱ्याला किंवा फोटो धुणाऱ्याला देत असत, टीव्हीला नाही. तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवायचा नाही, लक्ष्मी यायची वेळ असते. आणि मालिकांची वेळही तीच. लक्ष्मी येऊन गेली तरी अंधारात टीव्ही बघितला की डोळे जातात, ही बाबांची समजूत. ती कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला विचारून केलेली नाही, पण ती हटणार नाही. त्यामुळे टीव्हीच्या बरोबर समोर ट्यूबलाइट, डावीकडे खिडकी, आणि सोफ्यामागे देवघर, त्यात लाल झिरोचा बल्ब. आता चकचकीत पडद्यावर थरारपट लावा. तळघराचा प्रसंग आहे, काळोख आहे, नायिका एकटी पायऱ्या उतरते आहे. लाखभर रुपये मोजलेल्या त्या काळोखात आपल्याला काय दिसतं? एक उभी ट्यूबलाइट, गणपतीच्या फोटोभोवतीचा लाल उजेड आणि बनियनमध्ये शेंगा सोलत बसलेले बाबा. खुनी दिसेपर्यंत बाबांच्या अर्धा पाव शेंगा झालेल्या असतात.

तेव्हा आमच्यासारख्या घराला खरी कसोटी लावायची असते ती कोनाची. हे शोरूममध्ये माझ्या बायकोच्या लक्षात आलं. आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर सरळ कोणीच बसत नाही. सरळ बसण्याची जागा जेवणाच्या टेबलाने घेतली आहे. बाबा खिडकीकडच्या खुर्चीत, म्हणजे उजव्या अंगाने. आणि घरातला सगळ्यात निष्ठावंत प्रेक्षक, आई, स्वयंपाकघरात ओट्यापाशी. दाराच्या चौकटीतून, जवळजवळ भिंतीला लागून, टीव्हीची जेवढी कड दिसेल तेवढीवर ती गेली कित्येक वर्षं मालिका बघते. फोडणी करपू न देता संवादातला एक शब्द न चुकवणं, ही तिची साधना.

बायकोने सेल्समनला काही न सांगता मोजमाप सुरू केलं. टीव्हीच्या रांगेपासून ती आडवी चालत गेली, फ्रिज ओलांडले, वॉशिंग मशीनच्या विभागात एका टॉप लोडरपाशी थांबली, ओट्यावर टेकवावा तसा त्याच्यावर हात टेकवला आणि मान वळवून बघितलं. "हा नको," तिकडून आवाज आला, "इथून सगळे आजारी दिसतायत." सेल्समन धावला. मॅडम, हा तर पाच हजारास एक कॉन्ट्रास्टचा, सगळ्यांत डीप ब्लॅक. "असेल, पण इथून राखाडी आहे."

ती जे बोलली त्याला शास्त्र आहे. एलसीडीचे मुख्यतः दोन प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये स्फटिक उभे राहून उजेड चांगला अडवतात, म्हणून समोरून काळा झकास. पण बाजूला सरकलात की रंग उडतात. आयपीएसमध्ये स्फटिक पडद्याच्या पातळीतच फिरतात, त्यामुळे बाजूनेही रंग बरेचसे टिकतात. बदल्यात काळा हजारास एकच्या घरातला, म्हणजे करडाच. पेटीवर मात्र या दोन अक्षरांचा किंवा त्या तीन अक्षरांचा पत्ता नसतो. क्वांटम असतं, अल्ट्रा असतं, एआय असतं, क्रिस्टल असतं. कोणत्या पॅनलचा आहे असं विचारल्यावर सेल्समन म्हणाला, "सर, ओरिजिनल पॅनल." या कोनाच्या परीक्षेत ओएलईडी पहिला आला, हे कबूल करायला हवं. पण तो लाल पट्टीच्या पेपरला आधीच बसला नव्हता.

शेवटी बाबांनी बातम्या सोडायच्या, आईने ओटा सोडायचा किंवा आम्ही काळा रंग सोडायचा, एवढे तीनच पर्याय उरले. आम्ही काळा सोडला. पन्नास इंची, आयपीएस, करडा. भाचा दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी आला तो थेट सेटिंगमध्ये शिरला. व्हिव्हिड काढून फिल्ममेकर मोड लावला आणि हालचाल गुळगुळीत करणारं ते यंत्र बंद केलं; त्याच्यामुळे म्हणे सिनेमासुद्धा मालिकेसारखा दिसतो. "मग वाईट काय त्यात?" आईने ओट्यावरून विचारलं. दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेला रंग आता आला, असं भाचा म्हणाला. आईच्या मते सगळ्या पात्रांना कावीळ झाली होती. भाचा गेला की व्हिव्हिड परत येतो. तो आला की दिग्दर्शकाचा अभिप्राय. बाबा या वादात पडत नाहीत. त्यांची तक्रार पहिल्या दिवसापासून एकच आहे आणि तिचा रंगाशी संबंध नाही: ऐकू येत नाही. साहजिक आहे. टीव्ही बोटभर जाडीचा झाला तेव्हा स्पीकरला जागाच राहिली नाही. तो खालच्या बाजूला तोंड करून बसवतात आणि सगळी बातमी आधी शोकेसला कळते.

म्हणून रविवारी बाबांना घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेलो, साउंडबार बघायला. सेल्समनने ओळखलं. यावेळी त्याने काळ्याचं नावही काढलं नाही. "काका, हा घ्या. यात डॉल्बी आहे."

बाबा मूळचे साताऱ्याचे. डॉल्बी त्यांनी बघितलेली आहे ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, विसर्जन मिरवणुकीत, दोन मजली. त्यांनी त्या हातभर लांब पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सेल्समनला विचारलं, "पोलीस परवानगी तुम्ही काढून देता, की आम्ही काढायची?"